मंडळाच्या निधीसाठी वापरलेल्या दुर्बिणींची विक्री : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विक्रीची तारीख जाहीर झाली की हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळाकडे प्रश्नांची रीघ लागते, आणि त्यांतील बहुतेक प्रश्न आधीच्या विक्रीच्या वेळीही येऊन गेलेले असतात. ते येथे एकत्र केले आहेत. आधी वस्तू देणाऱ्यांचे प्रश्न आहेत, मग विकत घेणाऱ्यांचे, आणि शेवटी नेहमीचा नियम जेथे पुरा पडत नाही असे प्रसंग आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. या विक्रीत नेमके काय होते आणि पैसे कोणाकडे जातात?

लोक आपल्याकडे पडून असलेल्या दुर्बिणी, आयपीस (डोळ्याजवळची भिंगे), माउंट (दुर्बीण धरून फिरवणारा आधार), बायनॉक्युलर, कॅमेरे आणि तारानकाशे आणून देतात, मंडळ ते मांडते आणि विकते, आणि आलेल्या रकमेतील ठरलेला हिस्सा मंडळाच्या निधीत जमा होऊन उरलेली रक्कम मूळ मालकाला मिळते. हा हिस्सा किती, हे वस्तू स्वीकारतानाच पावतीवर लिहिलेले असले पाहिजे. जमलेला निधी कशासाठी वापरला जाणार आहे, तेही दारातच फलकावर लिहावे, कारण चार पैसे जास्त मोजणाऱ्याला ते जाणून घेण्याचा हक्क आहे.

२. माझी दुर्बीण पूर्ण दान द्यावी, की विकून फक्त हिस्सा द्यावा?

दोन्ही मार्ग सारखेच मानाचे आहेत. मात्र दान देताना एक गोष्ट लेखी स्पष्ट करावी : वस्तू विकण्यासाठी दिली आहे, की मंडळाने वापरण्यासाठी. आपली दुर्बीण आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत मुलांना दिसेल या भावनेने कोणी ती देतो आणि पुढच्याच महिन्यात ती विकली गेल्याचे त्याला कळते, तेव्हा होणारे दुःख खरे असते आणि ते एका ओळीने टाळता येते.

३. कोणत्या वस्तू स्वीकारल्या जात नाहीत?

आयपीसला लावायचे सौरफिल्टर (त्यांचे कारण प्रश्न १४ मध्ये आहे), फुगलेल्या लिथियम बॅटऱ्या, गळणाऱ्या लेड-ॲसिड बॅटऱ्या, शक्तीची नोंद नसलेले हिरवे लेसर, आणि ज्यांच्या मालकीबद्दल शंका आहे अशा वस्तू. महागड्या वस्तूंचा अनुक्रमांक आम्ही पावतीवर उतरवून घेतो. बिल नसले तरी चालते, पण खरवडून काढलेला अनुक्रमांक चालत नाही.

४. किंमत किती लावावी?

चांगल्या स्थितीतील, आजही बाजारात नवीन मिळणाऱ्या वस्तूला तिच्या आजच्या नव्या किमतीच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत भाव येतो, असे धरून चालायला हरकत नाही. येथे ‘आजची’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक जण स्वतः पूर्वी मोजलेली रक्कम मनात धरून येतात. काचेच्या वस्तू, म्हणजे चांगले आयपीस आणि वस्तुभिंगे (दुर्बिणीच्या पुढच्या टोकाची भिंगे), आपली किंमत टिकवून धरतात. इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे तसे नसते, आणि दहा वर्षांपूर्वीचा कॅमेरा कितीही जपून वापरलेला असला तरी त्याची किंमत उतरलेलीच असते. किंमत ठरवता येत नसेल तर दोन आकडे सांगावेत, एक चिठ्ठीवर लिहिण्यासाठी आणि दुसरा, ज्याच्या खाली वस्तू देऊ नये असा, फक्त स्वयंसेवकासाठी.

५. चिठ्ठीवर काय लिहायचे?

वस्तूला बांधलेली चिठ्ठी हा या विक्रीतील सर्वांत महत्त्वाचा कागद आहे, आणि मला विचाराल तर त्यावरील किमतीपेक्षा दोषांची ओळ अधिक महत्त्वाची आहे. व्यास (पुढच्या भिंगाचा किंवा मुख्य आरशाचा), नाभीय अंतर (तेथून प्रतिमा जेथे उमटते तेथपर्यंतचे अंतर), सोबतच्या वस्तू आणि किंमत यांच्याखाली ‘माहीत असलेले दोष’ असा रकाना असतो. तो रिकामा सोडू नये, दोष नसेल तर ‘माहीत नाही’ असे लिहावे. ‘फोकसर (आयपीस आत-बाहेर सरकवणारा भाग) थंडीत घट्ट होतो’, ‘आरशाच्या कडेला नखाएवढा टवका उडाला आहे, प्रतिमेवर परिणाम नाही’, ‘उजव्या बाजूचा स्क्रू मूळचा नाही’ अशी वाक्ये लिहिणाऱ्याची वस्तू पडून राहील अशी भीती अनेकांना वाटते. माझा अनुभव याच्या अगदी उलट आहे. दोष लिहिलेली दुर्बीण लवकर विकली जाते, कारण घेणाऱ्याला जे शोधून काढायचे असते ते त्याला आधीच सांगितलेले असते आणि उरलेल्या भागावर तो विश्वास ठेवतो.

सुटे भाग एका पिशवीत घालून ती मुख्य वस्तूला बांधावी. माझ्या पहिल्या विक्रीतून मी आनंदाने एक विषुववृत्तीय माउंट (ताऱ्यांच्या मागोमाग एकाच अक्षावर फिरणारे) घरी नेले आणि रात्री जोडायला बसलो तेव्हा प्रतिभार, म्हणजे समतोल राखणारे वजन, अडकवण्याचा दांडा नसल्याचे लक्षात आले. त्याचे आटे इतके वेगळे होते की जुळणारा दांडा मिळायला सात महिने लागले. मूळ दांडा बहुधा त्या दिवशी शेजारच्याच टेबलावर कोणा दुसऱ्याच्या खोक्यात होता.

६. देण्याआधी आरसा पुसून चकचकीत करू का?

करू नका. परावर्ती दुर्बिणीच्या आरशावर ॲल्युमिनियमचा अत्यंत पातळ थर काचेच्या पुढच्या पृष्ठभागावर दिलेला असतो, आणि कोरड्या कापडाने पुसल्यावर त्यावरचीच धूळ पॉलिश पेपरचे काम करते. चांगल्या मनाने, आदल्या रात्री मऊ सुती कापडाने पुसून आणलेला एक आरसा मी पाहिला आहे. उजेडात तिरका धरला की त्यावर गोल गोल फिरलेल्या बोटांच्या वाटा स्पष्ट दिसत होत्या, आणि तो थर काढून नवा देण्यावाचून त्याला उपाय नव्हता. धूळ तशीच राहू द्यावी. नळी आणि ट्रायपॉड मात्र अवश्य पुसावेत.

७. मी अगदी नवखा आहे. पहिली दुर्बीण येथून घ्यावी का?

घ्यावी, आणि शक्य असेल तर साध्या डॉब्सोनियन माउंटवरील परावर्ती दुर्बीण घ्यावी. जॉन डॉब्सन (१९१५–२०१४) यांनी लोकप्रिय केलेल्या या रचनेत प्लायवूडची पेटी, दोन दिशांना फिरणारे बेअरिंग आणि आरसा यांपलीकडे फारसे काही नसते, त्यामुळे वापरलेली घेतानाही बिघडलेले काही हाती लागण्याची शक्यता कमी असते. पण त्याआधी एखाद्या रात्री मंडळाच्या आकाशदर्शनाला येऊन निरनिराळ्या दुर्बिणींतून पाहावे. दुर्बीण उचलून नेण्याइतकी हलकी आहे का, हा प्रश्न तिच्या व्यासाइतकाच महत्त्वाचा आहे, कारण जड दुर्बीण कोपऱ्यात उभी राहते आणि दोन वर्षांनी पुन्हा याच विक्रीत येते. बजेट फारच कमी असेल तर १०×५० किंवा ७×५० बायनॉक्युलर (पहिला आकडा किती पट मोठे दिसते याचा, दुसरा भिंगाच्या मिमीमधील व्यासाचा) पाहावा. तो तपासताना दूरच्या एका बिंदूकडे पाहावे. प्रतिमा दोन दिसत असतील, किंवा डोळ्यांवर ताण येऊन त्या एक होत असतील, तर आतील प्रिझम सरकलेले आहेत.

८. हॉलमध्ये, दिवसाउजेडी दुर्बीण कशी तपासायची?

दुर्बिणीतून पाहण्याआधी तिला हात लावून पाहावा. फोकसर पूर्ण आत आणि पूर्ण बाहेर फिरवावा, तो कोठे अडखळतो का, आणि सैल सोडल्यावर आयपीसच्या वजनाने खाली घसरतो का ते बघावे. माउंटचे दोन्ही अक्ष क्लॅम्प सोडून हाताने फिरवावेत, मग क्लॅम्प आवळून नळीचे टोक हलकेच हलवावे. थोडे मागेपुढे होणे चालते, खडखड आवाज चालत नाही. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून त्यावर तळहाताने दाब द्यावा.

यानंतर परावर्ती दुर्बिणीत आयपीस न लावता फोकसरमधून आत पाहावे. नळीच्या तोंडाजवळच्या लहान, दुय्यम आरशात मुख्य आरशाचे पूर्ण वर्तुळ, त्यात पुन्हा दुय्यम आरशाची सावली आणि मधोमध स्वतःचा डोळा दिसायला हवा. ही वर्तुळे एकमेकांच्या आत नीट बसत नसतील तर कोलिमेशन, म्हणजे आरशांची एका रेषेतील जुळणी, बिघडले आहे, आणि तो दोष नव्हे, कारण ते स्क्रू फिरवून दहा मिनिटांत सुधारता येते. अशा दुर्बिणीची प्रतिमा पुसट दिसल्यामुळे तिला नाकारून जाणारे लोक पाहिले की वाईट वाटते. मात्र कोलिमेशनचे स्क्रू फिरतच नसतील, गंजलेले असतील, किंवा कोणी ते गोंदाने चिकटवलेले असतील, तर तो खरा दोष समजावा.

शेवटी खिडकीतून दूरची एखादी वस्तू, झाडाचे टोक किंवा विजेच्या खांबावरील चिनीमातीचा इन्सुलेटर, स्पष्ट दिसते का ते पाहावे. सूर्य ज्या बाजूला असेल त्या बाजूच्या खिडकीकडे दुर्बीण कधीही वळवू नये, आणि आयोजकांनी त्या बाजूला टेबलच लावू नये.

९. टॉर्च मारल्यावर आत धूळ, डाग आणि जाळ्यासारखे काहीतरी दिसले. घ्यावी की नको?

टॉर्चच्या झोतात कोणताही आरसा भयंकर दिसतो. धुळीचा प्रतिमेवरील परिणाम आपण समजतो त्याहून फार कमी असतो, आणि एखाददुसऱ्या ओरखड्याचेही तसेच. पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. आरशामागून दिवा धरल्यावर असंख्य टाचणीएवढी छिद्रे चमकली, किंवा कडेचा थर ढगाळ झालेला असला, तर थर पुन्हा द्यावा लागेल आणि तो खर्च किमतीतून वजा करून मागावा. भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखे, मध्यापासून फांद्या फुटलेले तंतू दिसले तर ती बुरशी आहे. ती नुकती लागलेली असेल तर निघते, पण जुनी बुरशी लेप खाऊन काचेवर खुणा उमटवते आणि त्या मग कधीच जात नाहीत. दोन काचा चिकटवलेल्या भिंगात कडेने तेलकट, इंद्रधनुषी डाग आत शिरलेला दिसला, तर मधला गोंद सुटू लागला आहे.

श्मिट-कॅसेग्रेन दुर्बिणीत (हिच्या नळीच्या तोंडावर पातळ काच आणि मागे आरसा असतो) पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला डाग असेल, तर ती काच आधी कोणी काढली होती का हे जरूर विचारावे. ही काच मुख्य आरशाशी ठरावीक कोनात बसवलेली असते, आणि खुणा न करता काढून फिरवून बसवली तर प्रतिमेची धार जाते.

१०. विकत घेण्याआधी रात्री ताऱ्यावर तपासू द्याल का?

हो, आणि महाग दुर्बिणीबाबत तसे मागावेच. विक्री दुपारी ठेवून संध्याकाळी मैदान मोकळे ठेवणे ही आयोजकांनी लावून घेण्यासारखी सवय आहे. दुर्बीण अर्धा-एक तास बाहेर थंड होऊ द्यावी, मग मध्यम तेजाचा एक तारा मोठ्या विशालनाने (जास्त पटीने मोठा करून) दृष्टिक्षेत्राच्या मध्यभागी आणावा आणि फोकस थोडा आत, मग तितकाच बाहेर न्यावा. दोन्हीकडे सारखीच, एककेंद्री गोल वलये दिसली तर काच उत्तम आहे. वलये एका बाजूला सरकली असतील तर कोलिमेशन (प्रश्न ८) पाहावे. ती लंबगोल असतील आणि फोकसच्या दुसऱ्या बाजूला तोच लंबगोल काटकोनात वळत असेल, तर आधी आयपीस बदलून आणि डोके फिरवून पाहावे, कारण असे लांबट दिसण्याचा दोष, म्हणजे दृष्टिवैषम्य, आपल्या डोळ्यातही असू शकतो. तारा त्रिकोणी दिसत असेल तर आरसा धरून ठेवणाऱ्या क्लिपा बहुधा जास्त आवळलेल्या आहेत. त्या सैल केल्या की तारा पुन्हा गोल होताना पाहणे ही या सगळ्या कामातील फार सुंदर घटका आहे.

११. खोक्यावर ‘५२५ पट’ लिहिले आहे. एवढ्या लहान दुर्बिणीतून ते शक्य आहे का?

आकडा खरा असतो, पण निरुपयोगी असतो. नाभीय अंतराला आयपीसच्या मिलिमीटरांनी भागले की विशालन मिळते : ७०० मिमी भागिले ४ मिमी म्हणजे १७५, आणि पुढे तिप्पट बार्लो (विशालन वाढवणारे जोडभिंग) लावला की ५२५. पण उपयोगी विशालनाची मर्यादा मिलिमीटरमधील व्यासाच्या साधारण दुप्पट असते, म्हणजे ६० मिमी वस्तुभिंगासाठी सुमारे १२० पट. त्यापुढे प्रतिमा मोठी होते, पण तपशील वाढत नाही. त्याचप्रमाणे ११४ मिमी व्यास आणि १००० मिमी नाभीय अंतर लिहिलेली परावर्ती दुर्बीण, जिची नळी मात्र अर्ध्या मीटरची आहे, घेताना जपावे. तिच्या फोकसरमध्ये एक भिंग बसवलेले असते आणि त्यामुळे कोलिमेशन करणे कटकटीचे होते. अशा वस्तू आम्ही स्वीकारतो, पण त्या कोणत्या जातीच्या आहेत हे चिठ्ठीवर लिहितो.

१२. येथे मिळालेला आयपीस माझ्या दुर्बिणीत बसेल का?

आयपीसच्या नळीचा बाहेरील व्यास मोजावा. आज सर्रास चालणारी मापे १.२५ इंच (३१.७ मिमी) आणि २ इंच (५०.८ मिमी) ही आहेत. जुन्या लहान दुर्बिणींबरोबर ०.९६५ इंचाचे (२४.५ मिमी) आयपीस येत आणि ते आजच्या फोकसरमध्ये अडॅप्टरशिवाय बसत नाहीत. टेबलावर तिन्ही मापांची छिद्रे पाडलेली पुठ्ठ्याची पट्टी ठेवली तर हा प्रश्न कोणाला विचारावा लागत नाही. हाच घोळ माउंटवर नळी बसवण्याच्या पट्ट्यांचाही होतो. अरुंद पट्टी सुमारे ४४ मिमी आणि रुंद सुमारे ७५ मिमी असते, म्हणून घरातील पट्टीचे माप लिहून आणावे.

१३. संगणकावर चालणारे माउंट आणि कॅमेरे घेताना काय पाहावे?

माउंट चालू करून दाखवले नाही तर ते बंद आहे असे समजून किंमत द्यावी. आयोजकांनी १२ व्होल्टचा एक खात्रीचा वीजपुरवठा टेबलावर ठेवावा, पण तो जोडण्याआधी माउंटवरील व्होल्टेज आणि धन-ऋण टोकांची खूण वाचावी, कारण उलट जोडणीने सर्किट क्षणात जळते. दोन्ही मोटारी सर्व वेगांनी, दोन्ही दिशांना चालवून आवाज ऐकावा. जीपीएस असलेल्या जुन्या माउंटबाबत एक खास गोष्ट आहे. जीपीएसचा आठवड्यांचा मोजणी-आकडा ६ एप्रिल २०१९ रोजी शून्यावर आला आणि त्यानंतर काही जुनी यंत्रे चुकीची तारीख धरू लागली. तारीख हाताने भरता येते का, ते पाहून घ्यावे.

कॅमेऱ्याबाबत पहिला प्रश्न त्याच्या ड्रायव्हरचा. जुने शीतक-युक्त (सेन्सर थंड ठेवणारे) सीसीडी कॅमेरे कधी कधी आजच्या संगणकांवर नसलेल्या पोर्टवरच चालतात, तेव्हा जुना संगणक आणि केबल त्यांच्यासोबतच विकावी. आतील फिल्टर काढलेला डीएसएलआर हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश भरपूर घेतो आणि तेजोमेघांसाठी (अवकाशातील चमकणाऱ्या वायूच्या ढगांसाठी) उत्तम असतो, पण त्याने काढलेली दिवसाची छायाचित्रे तांबूस येतात. ही गोष्ट चिठ्ठीवर न लिहिणे म्हणजे फसवणूकच आहे.

१४. सौरफिल्टर वापरलेला घेणे सुरक्षित आहे का?

या एका बाबतीत आम्ही कोणाचीही भीड ठेवत नाही. आयपीसवर आटे फिरवून बसणारा सौरफिल्टर नाभीजवळ, म्हणजे सगळी उष्णता जेथे गोळा होते तेथे बसतो आणि तडकू शकतो. दृष्टिपटलाला वेदना होत नाही, त्यामुळे डोळा भाजत असताना माणसाला कळतही नाही. असा फिल्टर जुन्या खोक्यात सापडला तर तो देणाऱ्याला सांगून हातोडीने फोडावा. तसाच दिसणारा चंद्रफिल्टर वेगळा असतो, आणि खात्री नसेल तर दोन्ही फिल्टर विक्रीतून बाजूला काढून ठेवावेत. नळीच्या तोंडावर बसणारे काचेचे किंवा फिल्मचे फिल्टर प्रखर दिव्यासमोर धरून तपासावेत. सुरकुत्या चालतात, पण एकही छिद्र किंवा ओरखडा चालत नाही. बसल्यावर ते वाऱ्याने निघणार नाहीत याची खात्री करावी, आणि फाइंडरवर, म्हणजे नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीवर, झाकण असावेच.

१५. आमच्या घरातील सदस्य वारले. त्यांच्या साहित्याचे काय करायचे ते आम्हाला कळत नाही.

घाई करू नका. मंडळाने तर अशा घरी विक्रीची तारीख जवळ आली म्हणून कधीच जाऊ नये. एका ट्रंकेतून निघालेले आयपीस मला आठवतात. प्रत्येक वेगळ्या पायमोज्यात गुंडाळलेला, आणि पायमोज्यावर चिकटपट्टी लावून त्यावर मिलिमीटर लिहिलेले. त्या घरातील कोणालाही त्यांतील कोणता आयपीस मोलाचा आहे हे ठाऊक नव्हते, आणि अशा वेळी कुटुंबाच्या बाजूने विचार करणे हे मंडळाचे काम असते.

आमची पद्धत अशी आहे. तीन सदस्य मिळून यादी करतात, छायाचित्रे घेतात, अंदाजे किमती लिहितात आणि सही करतात, आणि या तिघांपैकी कोणीही त्यांतील वस्तू विकत घेत नाही. यादी कुटुंबाकडे राहते. एखादी वस्तू आठवण म्हणून ठेवावी, असे आम्हीच सुचवतो. निरीक्षणांच्या वह्या विकायच्या नसतात. त्या कुटुंबाच्या असतात, आणि त्यांत रूपविकारी (तेज बदलणाऱ्या) ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या नोंदी असतील तर १९११ मध्ये स्थापन झालेली एएव्हीएसओ ही अशा ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकी संस्था अशा नोंदी गोळा करते. तेव्हा तारीख, वेळ आणि तेजस्विता नीट लिहिलेली वही पुढेही उपयोगी पडते.

१६. घरी घासून केलेल्या आरशाची किंमत कशी लावायची?

नावावरून नव्हे, चाचणीवरून. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लिऑन फूको यांनी १८५८ मध्ये मांडलेली, आरशाचा आकार तपासणारी सुरीच्या धारेची चाचणी एक ब्लेड, एक दिवा आणि अंधारी खोली एवढ्यात होते, आणि ज्या मंडळात आरसे घासले जातात तेथे ती करणारा कोणीतरी असतोच. चांगला हाती घासलेला आरसा कारखान्यातील आरशाहून सरस ठरू शकतो. आरशाच्या पाठीमागे घासणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहिलेली असेल तर ती पुसू नये.

१७. जुन्या लष्करी साठ्यातील भिंगे मिळाली आहेत. ती विकावीत का?

सावधपणे. अशा काही जुन्या रुंदकोनी आयपीसमध्ये थोरियमयुक्त काच वापरलेली असे. ती किंचित किरणोत्सारी असते, वयाने पिवळसर होते, आणि डोळ्याला चिकटून वापरण्याची वस्तू नव्हे. काही उपकरणांच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकणारा रंगही असतो. शंका असेल तर मापकाने तपासेपर्यंत ती टेबलावर मांडू नयेत आणि उघडून पाहू नयेत.

१८. स्वयंसेवकांनी दार उघडण्याआधी वस्तू घेतल्या तर?

हे योग्य नाही. स्वयंसेवकांना हवी असलेली वस्तू त्यांनी दार उघडल्यानंतर पहिला तास उलटल्यावर, चिठ्ठीवरील किमतीला घ्यावी.

१९. घरी गेल्यावर बिघाड आढळला. परत घ्याल का?

चिठ्ठीवर न लिहिलेला दोष असेल आणि ठरलेल्या मुदतीत कळवले तर घेतो. त्यासाठी मूळ मालकाची रक्कम आम्ही ती मुदत संपेपर्यंत देत नाही, आणि हे त्यालाही पावतीवर लिहून दिलेले असते. चिठ्ठीवर लिहिलेला दोष, किंवा ‘तपासलेले नाही’ असे लिहून विकलेली वस्तू, परत होत नाही. कोलिमेशन बिघडले म्हणून परत आणलेली दुर्बीण आम्ही दुरुस्त करून, शिकवून, पुन्हा त्याच हातांत देतो.

२०. जे विकले जात नाही त्याचे काय होते?

मालकाने ठरलेल्या दिवसापर्यंत ते घेऊन जावे. नको असेल तर मंडळ ते सुटे करते : फाइंडरचे ब्रॅकेट, आरशाच्या मागचे स्प्रिंग, विचित्र आट्यांचे स्क्रू, प्रतिभाराचे दांडे. हे सगळे एका डब्यात जाते, आणि तो डबा पुढच्या विक्रीत दाराजवळ ठेवतात. त्यातील वस्तूंना किंमत लावलेली नसते.